एक गाय दगावली की किती पैसे जातात?

चंद्री गेली त्या दिवशी डॉक्टरांनी गोठ्यामागे तिचं पोस्टमार्टेम केलं आणि एक तारेचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीएवढा, एका टोकाला अणकुचीदार. टायरमधली तार होती ती. मुरघासावरचं प्लॅस्टिक दाबून धरायला आम्ही जुने टायर ठेवले होते. त्यातला एक उन्हानं तडकला, त्याच्या तारा सुटल्या आणि त्यातली एक घमेल्यातून थेट गव्हाणीत गेली. तीन आठवडे गाय थोडा थोडा चारा सोडत होती. आम्ही अपचन समजून पाचक पावडरी देत राहिलो. गळ्याखालची पोळी सुजली तेव्हा कुठे डॉक्टरांना बोलावलं. तोवर तार हृदयाच्या आवरणात घुसली होती.

गाय ऐंशी हजारांची होती. ती तार जागच्या जागी धरून ठेवणारं लोहचुंबक दोन-तीनशे रुपयांत मिळतं, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी हा हिशेब वहीत मांडत आलोय. तो इथे देतो.

मी वाळूज एमआयडीसीतल्या बजाजनगरात राहतो. इथे पाळीवर जाणाऱ्या कितीतरी जणांच्या एक-दोन गाई जोगेश्वरी, घाणेगाव, करोडी, लिंबेजळगावच्या शिवारात किंवा गंगापूर, वैजापूर, पैठणकडच्या गावी बांधलेल्या असतात. आई-वडील किंवा भाऊ सांभाळतात, पगारातून पेंडीचे पैसे जातात. १९८५ मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून इथल्या दोन पिढ्या यंत्रावर उभ्या राहिल्या. यंत्राला वेळच्या वेळी तेलपाणी केलं नाही तर ब्रेकडाउनला किती मोजावे लागतात, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तोच माणूस गोठ्यात मात्र गाय पडेपर्यंत थांबतो. मीही थांबलो होतो.

खालचे भाव ढोबळ आहेत. औषधाचा ब्रँड, डॉक्टरांचं अंतर आणि हंगाम यांवर ते बदलतात. आपल्याकडचे आकडे घालून हिशेब पुन्हा करा, पद्धत तीच ठेवा.

मरणाचा हिशेब

समजा, संकरित गाय, दुसऱ्या वेताची, किंमत ८०,००० रुपये. सरासरी रोज १२ लिटर, ३०० दिवस, म्हणजे वेताला ३,६०० लिटर. चारा, पेंड, मजुरी वजा जाता लिटरमागे ८ रुपये हातात उरतात असं धरू. वेताचा नफा झाला २८,८०० रुपये.

आता ही गाय गेली. किंमत ८०,०००. शेवटच्या उपचाराचे ५,०००. खड्ड्यासाठी जेसीबी, चुना, मीठ धरून २,०००. नवी गाय येईपर्यंत ठाण दीड महिना रिकामं, त्याचा बुडालेला नफा ४,३२०. नवी गाय आणण्याची गाडी आणि दलाली ३,०००. बेरीज ९४,३२० रुपये.

इथे एक चूक पुष्कळजण करतात. गाईच्या किमतीत तिचं पुढच्या चार वेतांचं सगळं दूधही मिळवतात आणि नुकसान दोन-तीन लाखांवर नेतात. गाईची किंमत ही तिच्या पुढच्या दुधाचीच किंमत असते, ती दोनदा मोजू नये. फुगवलेल्या आकड्यानं सहानुभूती मिळते, निर्णय मात्र चुकतो. खरा आकडाच पुरेसा बोलका आहे: एक मेलेली गाय भरून काढायला एका गाईला सव्वातीन वेतं दूध द्यावं लागतं. पाच गाईंचा गोठा सगळं सुरळीत चालून वर्षाला १,४४,००० रुपये मिळवत असेल, तर एका मरणानं त्यातला जवळपास दोन तृतीयांश पैसा गिळला.

आपल्याकडे हा फटका आणखी एका कारणानं मोठा बसतो. परदेशात दूध आटलेली गाय मांसासाठी विकून किमतीचा काही भाग परत मिळतो. आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्यानं गोहत्येला बंदी आहे. म्हणजे गाईत घातलेला पैसा दुधातूनच परत यायचा, दुसरी वाट नाही. ती जितकी वेतं जगेल तितका तो परत येईल. दुधाचा भाव आपल्या हातात नसतो. २०२४ मध्ये शासनाला लिटरमागे आधी ५ आणि पुढे ७ रुपयांचं अनुदान द्यावं लागलं, इतका तो खाली आला होता. गाय जगवणं मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

किती मरतूक 'चालते'? अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पाहण्यांत मोठ्या दुभत्या गाईंची वार्षिक मरतूक १९९६ मध्ये ३.८ टक्के होती, २००२ मध्ये ४.८ आणि २००७ मध्ये ५.७ टक्के. दूध वाढत गेलं तशी मरतूकही वाढली. पाच गाईंच्या गोठ्यात दोन वर्षांनी एक गाय जात असेल तर ते १० टक्के झाले. 'नशीब' म्हणून सोडून द्यावं असा हा आकडा नाही.

व्यायच्या आगेमागे जपा

धोक्याचे दिवस सारखे विखुरलेले नसतात. व्यायच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन आठवडे हे सगळ्यात नाजूक. दुग्धज्वर, वार अडकणं, कासदाह (आपण 'दगडी' म्हणतो तो), पोट सरकणं, सगळं याच सहा आठवड्यांत दाटीनं येतं. म्हणून खर्चही वर्षभर सारखा पसरू नका, इथे ओता.

दुग्धज्वराचं चित्र एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. गाय व्यायल्यावर पहिल्या तीन दिवसांत, बहुतेक तिसऱ्या वेतापासून पुढची, भरपूर दुधाची. आधी मागचे पाय लटपटतात. मग बसते, मान वळवून कुशीवर ठेवते. कान हाताला गार लागतात. नाव ज्वर असलं तरी अंगात ताप नसतो. रक्तातलं कॅल्शियम एकदम दुधात उतरलेलं असतं. डॉक्टरांनी शिरेतून हळूहळू कॅल्शियमची बाटली दिली की तासा-दोन तासांत गाय उठून उभी राहते. इतका झटपट गुण येणारी दुखणी जनावरांत थोडी. बाटली दोन-अडीचशे रुपयांची, डॉक्टरांची रात्रीची फेरी पाचशे ते हजार. सकाळवर ढकललं तर गाय कुशीवर आडवी पडून पोट फुगून जाते, वाचली तरी पायाचे स्नायू चिरडून उठत नाही. बाटली स्वतः शिरेत सोडण्याचं धाडस मात्र करू नका. घाईनं गेलेलं कॅल्शियम हृदय बंद पाडतं.

टाळायला काय लागतं? शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमची औषधं बंद ठेवायची. 'गाभण आहे, ताकद हवी' म्हणून ती पाजली जातात आणि तिथेच घात होतो, कारण हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची सवय मोडते. व्यायल्याबरोबर तोंडावाटे कॅल्शियमचं जेल, दुसरं बारा-चोवीस तासांनी. दोन्ही मिळून साधारण ५०० रुपये.

आणि एक थर्मामीटर घ्या. दीडशे रुपयांची वस्तू, पण कितीतरी गोठ्यांत नसते. गाईचा ताप मोजायचं ठिकाण गुदद्वार, नेहमीचं तापमान १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास. व्यायल्यावर दहा दिवस रोज सकाळी मोजून भिंतीवर खडूनं लिहा. १०३ च्या वर गेलं की फोन. गाय चारा सोडायच्या आदल्या दिवशी ताप सांगून जातो, आणि तो एक दिवस उपचाराच्या खर्चात निम्म्यानं फरक पाडतो असा माझा अनुभव आहे.

आपल्या भागातली दोन खास संकटं

पहिलं, लोखंड. गाय चारा ओठांनी निवडत नाही, जिभेनं ओढून घाईनं गिळते; चावणं नंतर, रवंथ करताना. खिळा, तार, लेथवरचा लोखंडाचा कीस जे आत जाईल ते जाळीसारख्या दुसऱ्या पोटात पडून राहतं. तिथून हृदय हाताच्या अंतरावर, मध्ये पातळ पडदा. गाय गाभण असली की वाढतं वासरू मागून दाबतं आणि तार पुढे सरकते. एमआयडीसीत प्लॉटच्या कुंपणालगतचं गवत कापून आणणारे, कंपन्यांच्या मागे गाई चारणारे, भंगाराच्या दुकानाशेजारी चारा उतरवणारे, या सगळ्यांनी हे मनावर घ्यावं. कडब्याच्या गठ्ठ्याची तार कापली की तिथल्या तिथे खिशात टाकायची. मुरघासावर टायरऐवजी मातीच्या गोण्या. वर्षाच्या पुढच्या प्रत्येक जनावराला डॉक्टरांकडून लोहचुंबक गिळवून घ्यायचं. ते आयुष्यभर त्या जाळीत राहतं आणि लोखंड स्वतःला चिकटवून ठेवतं. पोट उघडून तार काढायची शस्त्रक्रिया होते, पण आठ-दहा हजारांच्या पुढे जाते आणि तार हृदयाकडे गेली असेल तर उपयोगही होत नाही. गाय कोपर बाहेर काढून उभी राहते, उतारावर पाय टाकायचं नाकारते, बसताना कण्हते. ही लक्षणं दिसली की पाचक पावडर बाजूला ठेवा.

दुसरं, उरलेलं अन्न. खानावळी, कँटीन, मंगल कार्यालयं यांचा भात आणि पोळ्या फुकट किंवा नाममात्र पैशात मिळतात. पेंडीचे भाव पाहिले की मोह होतोच. पण सवय नसलेल्या गाईनं दोन बादल्या भात एका वेळी खाल्ला की पोटात आम्ल तयार होतं. रवंथ थांबतो, पातळ आंबूस शेण पडतं, डोळे खोल जातात आणि गाय दीड-दोन दिवसांत जाऊ शकते. वाचली तर खुरांचं दुखणं मागे लागतं. द्यायचंच असेल तर मूठभरापासून सुरुवात, आठवडाभरात थोडं थोडं वाढवत, सोबत पोटभर कोरडा चारा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचं टेम्पोभर अन्न एकाच दिवशी संपवायचा आग्रह नको. त्यातली प्लॅस्टिकची पिशवी आणि द्रोण पोटात साचून राहतात ते वेगळंच.

मराठवाड्याचं म्हणून एक तिसरं, ते तुम्हाला घरातूनच माहीत असेल: पावसानं ओढ दिल्यावरची कोवळी, खुरटलेली ज्वारी. किराळ (अशा ज्वारीची विषबाधा) लागली तर मिनिटं मोजावी लागतात. फुलोऱ्याआधीची ज्वारी तोडूच नका, आणि दावं सुटलेली गाय त्या रानात शिरणार नाही हे पाहा.

मोफत आहे ते आधी

लसीकरणाला पैसे लागत नाहीत, तरी ते राहून जातं. लाळ्या-खुरकुताची लस २०१९ च्या केंद्राच्या कार्यक्रमातून वर्षातून दोनदा, त्याच कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची एकदा. घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्यापूर्वी. लंपीची वर्षातून एकदा. पथक येतं तेव्हा घरचा माणूस कंपनीत असतो आणि म्हातारी आई म्हणते, 'टोचलं की दूध कमी होतं.' दोन-चार दिवस थोडं कमी होतं, खरंय. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून लंपी राज्यभर पसरली, तेव्हा शासनानं दगावलेल्या दुभत्या गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० दिले. वरच्या हिशेबातले ९४ हजार आणि हे ३० हजार शेजारी मांडून आईला दाखवा.

कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला, तोही मोफत. दूध अनुदान असो, विमा असो की खरेदी-विक्री, आता त्याच्याशिवाय काम होत नाही. पडला असेल तर दवाखान्यात जाऊन नवा लावून नोंद बदलून घ्या.

विमा

विम्यानं गाय वाचत नाही, घर वाचतं. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून पशुपालकाचा हिस्सा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आणलाय, उरलेला केंद्र-राज्य मिळून भरतात, आणि एका कुटुंबाला १० मोठ्या जनावरांपर्यंत लाभ घेता येतो. हप्त्याचा दर ४ टक्के धरला तर ६०,००० च्या विम्याचा पूर्ण हप्ता २,४०० आणि आपला वाटा ३६०. योजना सुरू आहे का, निधी आहे का, हे पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारा. नसेल तर पूर्ण हप्ता भरून खासगीत उतरवणं पाच-सहा गाईंच्या गोठ्याला जड जातं. अशा वेळी मी फक्त सगळ्यात दुधाळ दोन गाईंचा उतरवतो.

किंमत ठरवताना रोजच्या दुधाच्या लिटरमागे किमान ३,००० रुपये हा योजनेतला आधार आहे. १२ लिटरला ३६,००० च होतात. म्हणून गाय ऐन दुधात असताना, डॉक्टरांसमोर दूध मोजून मूल्यांकन करून घ्या आणि बाजारभावाचा आग्रह धरा.

दावा कुठे अडतो? आमचा एकदा अडला तो घाईमुळे. उन्हाळा होता, वास सुटेल म्हणून भावानं संध्याकाळीच गाय पुरली. बिल्ल्यासह फोटो नाही, पोस्टमार्टेम नाही. कंपनीनं एक पैसा दिला नाही आणि नियमानं तिचं बरोबर होतं. म्हणून क्रम पाठ करून ठेवा: आधी कंपनीला कळवणं, मग बिल्ला दिसेल असा फोटो, मग पोस्टमार्टेम, आणि त्यानंतरच खड्डा. विमा उतरवल्यावर पहिले पंधरा दिवस आजाराच्या मृत्यूला भरपाई नसते, हेही ध्यानात असू द्या. वीज पडून किंवा पुरात गाय गेली तर वाट वेगळी: तलाठ्याचा पंचनामा आणि आपत्ती निधीतून दुभत्या जनावरामागे ३७,५०० रुपये, मर्यादा तीन जनावरांची.

वर्षाला किती लागतात?

एका गाईमागे माझी वही असं सांगते. खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम, वर्षाला सव्वाअठरा किलो, १२० च्या भावानं २,१९०. जंताचं औषध दोनदा, १५०. गोचिडांची फवारणी ४००. अंगावर मारा तशी भिंतीच्या भेगांतही मारा, अंडी तिथे असतात, आणि संकरित गाईला गोचीड ताप झाला तर एका इंजेक्शनालाच हजार-दोन हजार जातात. व्यायच्या वेळचं जेल ५००. सड बुडवायचं औषध आणि दगडीची तपासणी ६००. आटवताना आणि व्यायल्यावर डॉक्टरांची एकेक फेरी, १,०००. चुंबक पाच वर्षांवर वाटलं तर ५०. विमा ३६०. एकूण ५,२५०. पाच गाईंचे २६,२५०.

आता प्रामाणिकपणे तोलू. एवढं करून मरतूक दोन वर्षांत एकावरून सहा वर्षांत एकावर आली, तर वर्षाला ३१,४४० रुपये वाचतात. निव्वळ मरतुकीवर पाहिलं तर फायदा जेमतेम पाच हजारांचा. पण खर्चातला मोठा वाटा खनिज मिश्रणाचा आहे आणि ते दुधातून, वेळेवर गाभण राहण्यातून आपले पैसे स्वतंत्रपणे फेडतं. ते बाजूला काढलं तर उरतात १५,३००, आणि वाचतात त्याच्या दुप्पट. हात आखडता असेल त्या वर्षी मी आधी लसी आणि थर्मामीटर, मग चुंबक, मग व्यायच्या वेळचं जेल आणि डॉक्टर, मग गोचिडांचं औषध असा क्रम ठेवीन. बाजारात ताकदीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या रंगीत बाटल्या या यादीत कुठेच नाहीत.

नवी गाय आणताना

घोडेगाव, लोणीच्या बाजारातून कालच व्यालेली गाय पिकअपमध्ये घालून आणायची आपल्याकडे रीत पडलीय, कारण कासेचं दूध डोळ्यांना दिसतं. पण तेच तिचे नाजूक दिवस. कायगाव टोक्याचा पूल ओलांडून वाळूजला येईपर्यंत तिचे दोन तास उभ्यानं, उन्हात, पाण्याविना जातात. त्यापेक्षा सात महिन्यांची गाभण घ्या, किंवा व्याऊन तीन-चार आठवडे झालेली. उतरवल्यावर पंधरा-वीस दिवस वेगळ्या ठाणावर बांधा, गोचिडांचं औषध लगेच मारा आणि दवाखान्यात रक्त तपासून घ्या. पाचशे-सातशे रुपये जातील, पण तिच्यासोबत आलेलं दुखणं जुन्या चार गाईंपर्यंत जाणार नाही. देवणी, लाल कंधारी या आपल्या जाती दूध कमी देतात, पण ऊन आणि गोचीड सोसतात. ज्याचा गोठा गावी आहे आणि महिन्यातून दोनदाच फेरी होते, त्यानं पाच संकरित गाई ठेवण्याआधी हा विचार जरूर करावा.

रात्री गाय पडली तर

शासकीय पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक १९६२ आहे. तो, जवळच्या दवाखान्याच्या डॉक्टरांचा आणि एका खासगी डॉक्टरांचा, असे तीन नंबर गोठ्याच्या दारावर रंगानं लिहा. मोबाइलमध्ये असून उपयोग नाही, कारण तो मोबाइल तुमच्याबरोबर रात्रपाळीत असतो आणि गोठ्यात आई असते. अवघड केस शहरात खडकेश्वरच्या सर्वचिकित्सालयात नेता येते, त्याहून मोठी असेल तर परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात.

डॉक्टर येईपर्यंत गाईला छातीवर बसती ठेवा, दोन्ही बाजूंनी भुसकटाच्या गोण्या लावा, एका कुशीवर लोळू देऊ नका. तोंडात काही ओतू नका, पडलेल्या गाईचं औषध श्वासनळीत जातं. आणि आईला फोनवर चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: व्यालेली तारीख, वेत कितवं, थर्मामीटरवर किती आलं, कान गार की गरम. डॉक्टर तेवढ्यावर कोणती बाटली गाडीत टाकायची ते ठरवतात.